चौकटीच्या चार कडा

इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा बेळगाव येथील एखाद्या जुन्या मराठी घरी जावे, तर दिवाणखान्याच्या भिंतीवर एक चित्र हटकून दृष्टीस पडते. मध्यभागी खुर्चीवर घरातील कर्ता पुरुष, डोक्यावर पगडी, हातात काठी अथवा पुस्तक. दोन्ही बाजूंस बंधू. मागे उभे असलेले मुलगे व पुतणे. पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेली मुले. साऱ्यांच्या पाठीशी एक रंगविलेला पडदा, आणि त्यावर विलायती कमान नाहीतर कोणी कधी न पाहिलेले तळे. आपण यजमानांना एकेकाचे नाव विचारतो, कोण कोणासारखा दिसतो याची चर्चा करतो आणि चहाकडे वळतो. ही माणसे अशीच का बसली, त्यांना असे कोणी बसविले आणि तसे बसविण्याचा धडा त्याला कोठे मिळाला, हे विचारण्याचे मात्र आपल्या मनात येत नाही.

चित्राच्या चौकटीत काय घ्यावे, ते कोठे ठेवावे आणि काय बाहेर सोडावे, या निर्णयांना मिळून छायाचित्रकार रचना म्हणतात. रचनेचे प्राथमिक नियम आज शाळकरी मुलासही ठाऊक असतात. मुख्य विषय अगदी मध्यभागी ठेवू नये. क्षितिजाने चित्राचे दोन सारखे तुकडे करू नयेत. रस्ता, कुंपण, नदीचा काठ अशा रेषांनी दृष्टीला आत न्यावे. जवळची एखादी वस्तू घेऊन दूरच्या वस्तूला खोली द्यावी. पार्श्वभूमी स्वच्छ ठेवावी. हे नियम कोणी एका दिवशी बसून केलेले नाहीत. त्यांना इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचे एक मोलाचे प्रकरण इंदूर व हैदराबाद या आमच्या वाचकांच्या परिचयाच्या शहरांत घडले आहे. ते येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

यांतील बहुतेक नियम छायाचित्रणाहून जुने आहेत. चित्राचे तीन भाग कल्पून त्यांतील दोन एका गोष्टीस व एक दुसऱ्या गोष्टीस द्यावा, हा विचार जॉन टॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली ग्रामीण देखाव्यांवरील आपल्या पुस्तकात मांडला आणि त्यास तृतीयांशाचा नियम असे नावही दिले. त्या वेळी छायाचित्रणाचा जन्म व्हावयाचा होता. पॅरिसमध्ये दागेर याची कृती जगापुढे आली ती १८३९ च्या ऑगस्टात. नवी कला हाती आली, पण तिला स्वतःची शिस्त नव्हती. तेव्हा तिने थोरल्या बहिणीची, म्हणजे चित्रकलेची, वस्त्रे अंगावर चढविली. हेन्री पीच रॉबिन्सन हा मूळचा चित्रकार. त्याने १८६९ साली छायाचित्रांतील चित्रमयतेवर एक ग्रंथ लिहिला आणि समतोल, तिरप्या रेषा, त्रिकोणी मांडणी, प्रकाश व छाया यांचे चित्रकारांचे पाठ छायाचित्रकारांना दिले. पुढे दोन पिढ्या या ग्रंथाचा अधिकार चालला.

रॉबिन्सनचे स्वतःचे सर्वांत गाजलेले चित्र १८५८ सालचे. मृत्युशय्येवरील एक तरुण मुलगी, तिच्याजवळ दोन स्त्रिया आणि खिडकीकडे तोंड करून पाठमोरा उभा असलेला एक पुरुष, असा त्याचा विषय. हा प्रसंग प्रत्यक्ष घडलेला नव्हता. पाच निरनिराळ्या काचांवर घेतलेले भाग एकत्र छापून त्याने तो जुळविला होता. तरीही पाहणाऱ्यांतील अनेकांना ते चित्र असह्य वाटले. रंगाच्या चित्रात असे दुःख चालेल, परंतु छायाचित्रात ते दाखविणे अशिष्ट होय, असा आक्षेप घेण्यात आला. या आक्षेपाकडे आपल्याला पुढे पुन्हा यावयाचे आहे. १८८९ साली पीटर हेन्री एमर्सन याने रॉबिन्सनच्या पंथावर कडाडून टीका केली. निसर्ग डोळ्याला दिसतो तसाच घ्यावा, तुकडे जोडून बनवू नये, असा त्याचा आग्रह होता. चित्र जुळवावे की सापडावे हा वाद तेव्हा पेटला, आणि तो आजही पुरता मिटलेला नाही.

या वादाचे मर्म ध्यानी येण्यासाठी त्या काळची साधने कशी होती हे पाहिले पाहिजे. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने ओल्या काचेची रीत प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियनचा चिकट थर ओतावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून प्रकाश दाखवावयाचा आणि थर वाळण्यापूर्वी अंधारात नेऊन प्रतिमा उमटवावयाची. हा सारा व्यवहार काही मिनिटांत आटोपावा लागे, आणि आमच्याकडील उन्हाळ्यात तर त्याहूनही लवकर. म्हणून दौऱ्यावरील छायाचित्रकाराबरोबर काळोखा तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या, पाणी आणि हे सर्व वाहणारी माणसे असा मोठा लवाजमा निघे. शिवाय चित्र मोठे करून छापण्याची सोय सहसा नसे. काच कागदावर ठेवून उन्हात छापावयाची. म्हणजे जेवढी काच तेवढेच चित्र. आज आपण घरी येऊन नको असलेली कड कापून टाकतो. तेव्हा कडा ठरवावयाच्या त्या जागेवरच, काच ओली करण्याच्या आधी.

आणखी एक गोष्ट होती. कॅमेऱ्याच्या मागील धुरकट काचेवर देखावा उलटा दिसे; आकाश खाली, जमीन वर, उजवे ते डावे. डोक्यावर काळे कापड घेऊन छायाचित्रकार हा पालथा देखावा न्याहाळीत असे. ही अडचण खरी, पण तिच्यात एक शिकवणही होती. उलट्या देखाव्यात माणूस माणसासारखा किंवा देऊळ देवळासारखे पटकन वाटत नाही. दिसतात ते काळे-पांढरे आकार, त्यांचे वजन आणि त्यांच्यामधील मोकळी जागा. डाव्या बाजूस भार अधिक झाला की तो लगेच डोळ्यांत खुपे. आम्हांस वाटते की, त्या पिढीच्या चित्रांत जो भक्कमपणा आढळतो त्यातील काही श्रेय या पालथ्या प्रतिमेला दिले पाहिजे.

हिंदुस्थानात ही कला फार लवकर आली. मुंबईत छायाचित्रकारांचे मंडळ १८५४ साली स्थापन झाले आणि त्याच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत डॉ. नारायण दाजी होते. नारायण दाजी हे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू, आणि हे घराणे पेडणे भागातील मांद्रे गावचे. गोमंतकातून मुंबईस आलेल्या एका वैद्याने या नव्या विद्येच्या पहिल्या पंगतीत पान घेतले होते, ही गोष्ट आमच्या गोव्यातील वाचकांनी अवश्य लक्षात ठेवावी. १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्गही निघाला. त्याच मुंबईत विल्यम जॉन्सन याने शहरातील नाना जातीजमातींच्या लोकांची चित्रे घेऊन १८६३ व १८६६ साली दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्यात त्याने एक युक्ती योजली होती. माणसे एके ठिकाणी टिपलेली व पाठीमागील देखावा दुसऱ्याच ठिकाणचा, असे दोन काचांतील भाग एकत्र छापून त्याने चित्रे बनविली. ती सुबक आहेत. परंतु त्यांतील माणूस ज्या भूमीवर उभा दिसतो तिच्यावर त्याचा पाय कधी पडलाच नव्हता. रॉबिन्सनने कल्पित कथेसाठी जे केले, तेच जॉन्सनने वस्तुस्थितीची नोंद म्हणविणाऱ्या ग्रंथात केले. नियम तेच, परंतु त्यांचा अर्थ येथे बदलला.

आता इंदूरकडे वळू. मीरतजवळील सरधना येथे १८४४ साली एका जैन जवाहिऱ्यांच्या कुटुंबात जन्मलेले दीनदयाळ रुडकी येथील टॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि १८६६ साली इंदुरास सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले. काम नकाशे काढण्याचे व खर्चाचे अंदाज करण्याचे. १८७४ च्या सुमारास त्यांनी हौस म्हणून कॅमेरा हाती धरला. त्या वेळी इंदूरच्या गादीवर दुसरे तुकोजीराव होळकर होते, आणि मध्य हिंदुस्थानातील इंग्रजांचे एजंट होते सर हेन्री डेली. दोघांचाही आश्रय या तरुणास मिळाला. डेली यांच्या नंतरचे एजंट सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर १८८२-८३ मध्ये दीनदयाळांनी बुंदेलखंडाचा दौरा केला. त्या मुलुखातील किल्ले, वाडे व देवळे यांची त्यांनी घेतलेली चित्रे ग्रिफिन यांच्या लेखनासह १८८६ साली ग्रंथरूपाने बाहेर पडली. ग्वाल्हेरचा किल्ला आमच्या अनेक वाचकांनी डोळ्यांनी पाहिला आहे. दीनदयाळांनी तो काचेवर कसा उतरविला हे त्यांनी एकवार ताडून पाहावे.

नकाशा काढणाऱ्याचा डोळा या चित्रांत पदोपदी जाणवतो. इमारत समोरून सपाट घेतली तर ती पडद्यावर रंगविल्यासारखी भासते. कोपऱ्याकडून तिरपी घेतली की तिच्या दोन बाजू दिसतात आणि तिचे घनत्व ध्यानी येते. म्हणून उभे कोठे राहावे हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न मापाचा. रिकाम्या तटाची उंची चित्रातून कळत नाही. त्याच्या पायथ्याशी एक माणूस उभा केला की ती लगेच कळते. भव्य वास्तूपाशी असा एखादा मनुष्य उभा अथवा बसलेला त्या काळच्या चित्रांत पुष्कळदा आढळतो. तो तेथे सहज आलेला नसतो, मोजपट्टी म्हणून त्याची नेमणूक झालेली असते. तिसरा प्रश्न उन्हाचा. भर दुपारी कोरीव काम पुसल्यासारखे होते. सकाळी वा कलत्या दुपारी ऊन आडवे पडते तेव्हा प्रत्येक मूर्तीला तिची सावली लाभते. रॉबिन्सनचे नियम येथेही आहेत, पण त्यांना आता चित्रकाराच्या लालित्याऐवजी बांधकामाच्या हिशेबाची शिस्त लागली आहे. हेच या चित्रांचे वेगळेपण होय.

पुढे दीनदयाळांनी सरकारी नोकरी सोडली. १८८६ साली सिकंदराबादेस आणि १८९६ साली मुंबईस त्यांचे स्टुडिओ निघाले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबाराचे ते छायाचित्रकार झाले, आणि १८९४ साली निजामांनी त्यांना ‘राजा बहादुर मुसव्विर जंग’ हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. १८९७ साली व्हिक्टोरिया राणीकडूनही त्यांची नियुक्ती झाली. येथे त्यांच्या रचनेपुढे नवा प्रश्न आला. किल्ला रुसत नाही, दरबारी रुसतो. कोणाची खुर्ची मध्यभागी, कोण उजवीकडे, कोण उभा, कोण पायाशी, हे प्रकाशावर ठरत नसून मानपानावर ठरत असे. तरीही चित्राला तोल हवा. मधला मनुष्य बसलेला, मागची रांग त्याच्याहून उंच, कडेची माणसे किंचित आत वळलेली, पुढे सर्वांत खाली बसलेले. अशा मांडणीत सर्व चेहरे दिसतात आणि दृष्टी फिरून फिरून मधल्या चेहऱ्यावर येते. दिवाणखान्यातील ज्या चित्रापासून आम्ही आरंभ केला, त्याची घडण हीच. दरबाराची रचना शहरोशहरीच्या स्टुडिओंतून घरगुती झाली आणि कर्ता पुरुष आपल्या कुटुंबात छोटासा राजा होऊन बसला.

या रचनेत स्त्रियांना कोठे जागा होती? पडदा पाळणाऱ्या स्त्रिया परपुरुषाच्या कॅमेऱ्यापुढे येणे शक्य नव्हते. १८९२ साली दीनदयाळांनी हैदराबादेत स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या देखरेखीखाली दिला. व्यवसायाच्या दृष्टीने ही चतुर योजना होती यात संशय नाही. पण तिचा परिणाम व्यवसायापुरता राहिला नाही. कॅमेऱ्यामागे कोण उभे आहे यावर चौकटीत कोण येऊ शकते हे ठरते, ही गोष्ट त्या स्टुडिओने प्रत्यक्ष दाखवून दिली.

इतका वेळ आम्ही चौकटीच्या आत पाहिले; आता बाहेर पाहू. १९०२ च्या एप्रिलात व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन हैदराबाद संस्थानात शिकारीस आले होते. वारंगळजवळील नेकोंडा येथील तळावर दीनदयाळांच्या स्टुडिओने घेतलेले एक चित्र प्रसिद्ध आहे. लॉर्ड व लेडी कर्झन उभे आहेत, आणि त्यांच्या पायांशी मेलेला वाघ पडलेला आहे. रचना निर्दोष आहे. खाली आडवे पडलेले जनावर, त्यावर उभ्या दोन आकृती, नजर इकडेतिकडे जाण्यास वाव नाही. पण रान उठवून वाघाला बंदुकीपुढे आणणारे हाकेवाले कोठे आहेत? ते कडेच्या बाहेर आहेत. छायाचित्रकाराने येथे एक अक्षरही खोटे सांगितलेले नाही. त्याने केवळ चार कडा ठरविल्या, आणि त्या कडांनी शिकारीचे सारे श्रेय वाटून टाकले.

याहून कठीण उदाहरणे आहेत. १८५७ च्या नोव्हेंबरात लखनौच्या सिकंदरबागेत मोठी कत्तल झाली. त्यानंतर काही महिन्यांनी फेलिचे बिआतो तेथे पोचला. त्याच्या १८५८ सालच्या चित्रात उद्ध्वस्त वाड्यापुढील अंगणात मानवी हाडे विखुरलेली दिसतात. ती चित्रासाठी उकरून तेथे पसरण्यात आली, असे अभ्यासकांचे मत आहे. अग्रभाग रिकामा ठेवू नये हा नियम एखाद्याने कोठवर न्यावा! १८७६ ते ७८ या काळात मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ पडला, तेव्हा विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेल्या माणसांची चित्रे घेतली. त्यांत ती माणसे एखाद्या कुटुंबाच्या समूहचित्राप्रमाणे मांडलेली आहेत. काही बसलेली, काही मागे उभी, मुले पुढे. ज्यांना उभे राहण्याचे त्राण नव्हते त्यांना चौकटीचा तोल सांभाळण्यासाठी बसते-उठते केले गेले. रॉबिन्सनच्या कल्पित मुलीचे मरण विलायतेत अशिष्ट ठरले होते. येथील खरे मरण मात्र अल्बमांतून विलायतेस गेले. त्या जुन्या आक्षेपाकडे परत यावयाचे आहे असे आम्ही म्हटले होते, ते यासाठी.

आमच्या मराठवाड्याचाही यात भाग आहे. एकोणिसावे शतक संपता संपता पडलेल्या दुष्काळात निजाम सरकारने त्या वेळच्या औरंगाबाद भागात जे मदतकार्य चालविले, त्याची चित्रे दीनदयाळांच्या स्टुडिओने घेतली. राज्याच्या सत्कार्याची नोंद हा त्यांचा हेतू होता. महालांचे झुंबर ज्या हातांनी टिपले त्याच हातांनी ही चित्रे टिपली, आणि शिस्तही तीच. आम्ही ती पाहतो तेव्हा मनात दोन भाव उठतात. ही नोंद झाली नसती तर ते चेहरे आज कोणासही दिसले नसते, म्हणून कृतज्ञता वाटते. आणि त्याच वेळी असे वाटते की, आमच्याच भाषेत बोलणारी ही माणसे येथे आपली हकीकत सांगण्यास उभी नाहीत. दुसऱ्याच्या दातृत्वाचे माप म्हणून उभी आहेत. तटाच्या पायथ्याशी उंची कळावी म्हणून उभा केलेला तो अनामिक मनुष्य आम्हांस अशा वेळी आठवतो.

कोणी म्हणेल, यात दोष रचनेचा नसून काळाचा आहे. त्या अवजड यंत्रापुढे माणसाला मांडल्यावाचून गत्यंतरच नव्हते. हे म्हणणे अंशतः खरे आहे. १९२५ साली लायका हा हातात मावणारा कॅमेरा बाजारात आला आणि छायाचित्रकार मोकळेपणाने हिंडू लागला. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. त्याच दिवशी त्यांना भेटून गेलेले फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसों रात्री बिर्ला भवनाच्या फाटकापाशी होते. जमलेल्या लोकांना ती वार्ता सांगणाऱ्या पंडित नेहरूंचे त्यांनी घेतलेले चित्र धूसर आहे आणि दिव्याचा प्रकाश त्यात भगभगीत आला आहे. परीक्षेत त्यास फारसे गुण मिळाले नसते. पण ती रात्र त्या चित्रात आहे. हे ब्रेसों भूमितीचे कट्टर पक्षपाती होते आणि तरुणपणी चित्रकलेच्या शाळेत रीतसर शिकलेले होते, हे मात्र विसरू नये. नियम अंगी मुरलेला मनुष्यच तो कोणत्या क्षणी सोडावा हे जाणतो. तथापि कॅमेरा हलका झाला म्हणून कडा नाहीशा झाल्या नाहीत. लायकालाही चारच कडा होत्या, आणि आज प्रत्येकाच्या खिशातील फोनलाही चारच आहेत. त्या फोनच्या पडद्यावर दोन उभ्या व दोन आडव्या रेषा उमटतात. स्मिथच्या तृतीयांशाच्या नियमाचाच तो अवशेष होय. यंत्र त्या रेषा दाखविते. त्यांच्या आत कोणाला घ्यावे हे ते सांगत नाही.

या कलेचा नाद लागलेल्या तरुण वाचकांना आम्ही वडीलकीच्या नात्याने एवढेच सुचवू की, नियम अवश्य शिकावेत. विषयाभोवती एक प्रदक्षिणा घालावी, उन्हाची वाट पाहावी, पार्श्वभूमीतील खांब कोणाच्या डोक्यातून उगवत नाही ना हे बघावे. मग कळ दाबण्यापूर्वी दृष्टी एकदा चारी कडांवरून फिरवावी आणि कडेबाहेर काय राहिले तेही मान वळवून पाहावे. पुष्कळदा पाऊलभर मागे सरकले की एक माणूस आत येतो.

दीनदयाळ १९०५ साली वारले. त्यांच्या स्टुडिओच्या अडीच हजारांहून अधिक काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेविल्या आहेत. पण इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. आमच्या वाचकांनी आपल्याच भिंतीवरील ते पिवळे पडलेले समूहचित्र एकदा खाली उतरवावे, काच पुसावी आणि घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीपुढे ते धरावे. चित्रातील नावे तर विचारावीतच. पण त्या दिवशी घरात असूनही चित्रात कोण नव्हते, हेही विचारावे. स्वयंपाकघरात कोण होते, माजघराच्या दाराआडून कोण पाहत होते, पडद्याचे टोक कोणी धरले होते. उत्तर देणारे माणूस अजून घरात आहे तोवर ती नावे चित्राच्या पाठीमागे लिहून ठेवावीत.